सातबारा झाला सात डिसेंबर

एक्सेलच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाकून एंटर दाबून बघा. सातबारा गायब, तिथं ‘सात डिसेंबर’ हजर. संगणकाची ठेवण अमेरिकी असली तर ‘बारा जुलै’. धाराशिवच्या शेतकऱ्याला जमिनीऐवजी तारीख मिळायची सवय आहेच. आता त्यासाठी वकील लागत नाही एवढंच. गट ५/२ ची पाच फेब्रुवारी होते. ११२/३ मात्र शाबूत राहतो, कारण एकशेबारा दिवसांचा महिना अजून निघालेला नाही. लहान नंबरवाला अडकतो, मोठा सुटतो. यंत्राला आपली महसुली रीत बरोबर कळलेली दिसते.

शेतकऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. शास्त्रज्ञांच्या ‘मार्च-१’ नावाच्या जनुकाचाही एक्सेलनं एक मार्च केला होता. अशा जनुकांची नावंच अखेर बदलल्याचं २०२० मध्ये त्यांच्या नामकरण समितीनं जाहीर केलं. तोच तोडगा आपण काढायचा तर सातबाऱ्याचं बारसं करावं लागेल, आणि बारशाचा अनुभव आमच्या जिल्ह्याला ताजा आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत उस्मानाबाद शहर धाराशिव झालं, सप्टेंबरात जिल्हा. राहिल्या त्या याद्या. त्यांवर एखाद्या उत्साही हातानं ‘रिप्लेस ऑल’ चालवलं, की जगप्रसिद्ध उस्मानाबादी शेळी जागच्या जागी ‘धाराशिवी’ होते. अख्खा रकाना जुळला तरच बदल करण्याची सोय त्याच चौकटीत आहे, पण त्यासाठी चौकट वाचावी लागते. उलट ज्यांनी मुळातच ‘उस्मनाबाद’ लिहिलं, ते अजून निजामाच्या राज्यात सुखानं नांदतात. कृतीदेव या जुन्या फाँटात टाइप केलेल्या नोंदींना तर संस्थान विलीन झाल्याचीही वार्ता नसावी.

रकान्याचा कोपरा धरून ओढण्याची सोय त्याहून उदार. ‘गट ११२’ लिहा, खाली ओढा. ११३, ११४, ११५ तुमच्या नावावर. मोजणी नाही, वाटणीपत्र नाही, भावकीचा बोभाटा नाही.

खरं तर नंबर भरण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर तारखांचा हा घोळ होतच नाही. पण आधी करायची कामं नंतर करण्याचा आपला शिरस्ता. तारीख पडून गेल्यावर ‘टेक्स्ट’ केलं, की गट नंबर परत येत नाही. तिथं सेहेचाळीस हजारांच्या आसपासचा एक आकडा उमटतो. एक्सेल तारखा १९०० सालापासून दिवस मोजून ठेवतं, त्याचा तो हिशेब. यादीत तो आकडा पाहून सोयाबीनची भरपाई मंजूर झाली म्हणून कुणी पेढे वाटले, तर त्याला कोण समजावणार?