चूक तुमचीच

नोकरी न मिळण्यात सगळा दोष उमेदवाराचाच असतो, यावर आता एकमत आहे. निदान ज्यांना नोकरी आहे, त्यांच्यात तरी आहे. तेव्हा होतकरू मंडळींच्या भल्यासाठी चार शब्द.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मार्क कमी पाडणे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गाला फी १,००० रुपये, राखीवला ९००. पेपर २०० गुणांचा. निकाल लागला, तर काहींना दोनशेच्याही वर गुण! वेगवेगळ्या सत्रांतले पेपर सोपे-अवघड असतात, म्हणून सामान्यीकरण केले, असा खुलासा झाला. तेव्हा पैकीच्या पैकी मिळाले म्हणून गाफील राहू नका.

खासगी नोकरीची गोष्ट वेगळी. तिथे बायोडेटा पाठवावा लागतो आणि मोबाइलमध्ये ‘बायोडेटा फायनल’ नावाच्या दोन फायली असतात. दुसरी आईने वधू-वर सूचक मंडळासाठी करून घेतलेली. घाईत तीच गेली, की एचआरच्या बाईंना उमेदवाराची रास, नाडी, मामेकुळ आणि गावाकडची अडीच एकर बागायत कळते. जावा येते की नाही, तेवढे कळत नाही. ‘अपेक्षा’ या रकान्यात मात्र ‘सुशिक्षित, मनमिळाऊ, एकत्र कुटुंबात रमणारी’ असे लिहिलेले असते. कंपनी यात बसते का, हे बाईंनीच ठरवायचे.

‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘लॅपटॉपचे डिपॉझिट’ म्हणून आधी पैसे भरायला सांगणाऱ्यांची मुलाखत मात्र सर्वांत सोपी. व्हॉट्सअॅपवर दहा मिनिटांत निवड. पैसे पोचले की कंपनीच गायब.

खऱ्या मुलाखतीत खरे बोलू नये. “आमच्याकडेच का यायचंय?” याचे उत्तर ‘घरभाडं थकलंय’ असे नसते. ‘आपल्या संस्थेच्या मूल्यांनी भारावलो’ असे असते. ती मूल्ये वाट बघताना रिसेप्शनच्या भिंतीवर वाचून ठेवावीत. “पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?” असे विचारणाऱ्या साहेबांना त्यांचे स्वतःचे प्रोजेक्ट दिवाळीपर्यंत टिकेल की नाही, हे ठाऊक नसते. तेव्हा ‘आपल्या खुर्चीत’ हे बाणेदार उत्तर टाळा. त्यांनाही तीच भीती असते.

पगाराचा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला, की “शिकायला मिळणं महत्त्वाचं” म्हणावे. ते मग भरपूर शिकवतात.

शेवटी प्रश्न येतो, “उद्यापासून जॉइन व्हाल ना?” सध्याच्या कंपनीत नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे म्हटले, की साहेबांचा चेहरा पडतो. एवढे कोण थांबणार, कामाची किती घाई आहे! तरीही ऑफर लेटर मिळालेच, तर शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर साहेबांसमोर वाचू नका. हसू येईल. तिथेही नव्वदच दिवस लिहिलेले असतात.