गरिबीचा दाखला, वैधता ३१ मार्चपर्यंत

१९२० साली पापळच्या शामराव देशमुखांनी लेकाला, पंजाबरावाला, विलायतेला शिकायला धाडलं, ते जमीन गहाण टाकून. पोरानं एडिनबरोला व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली, १९२६ मध्ये बॅरिस्टर होऊन तो अमरावतीला परतला, १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि पुढे देशाचा कृषिमंत्री झाला. सावकाराचा फास वगैरे सगळं मान्य; पण त्या सावकारानं उत्पन्नाचा दाखला पीडीएफमध्ये, २५६ केबीच्या आत मागितल्याची नोंद कुठे सापडत नाही.

आज त्याच पंजाबरावांच्या नावानं राज्य सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून ती आखलेली. योजना चांगलीच आहे. फक्त खुद्द पंजाबराव तिच्यात बसले असते का, याची शंका येते. पापळच्या देशमुखांना पटवाऱ्यानं अल्पभूधारकाचा दाखला दिला नसता, आणि एडिनबरो काही प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये येत नाही.

वऱ्हाडात गरिबीला तोटा नाही. तोटा आहे तो तिच्या पुराव्याला. तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. त्या रात्री बारा वाजता अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरची हजारो कुटुंबं कागदोपत्री गरीब राहत नाहीत. १ एप्रिलपासून ती पुन्हा गरीब होऊ शकतात. मात्र पटवाऱ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र आणि सेतू केंद्राची रांग पार पडल्यावर.

उत्पन्न मोजण्याची कलाही पाहण्यासारखी आहे. ओबीसी शेतकऱ्याच्या मुलीला नॉन-क्रिमीलेयर काढायचं असेल, तर शेतीचं उत्पन्न आणि पगार त्या हिशेबात धरत नाहीत. तीच मुलगी त्याच खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागते, तेव्हा शेती, पगार, आईची शिलाई मशीन सगळं धरतात. सकाळी बाप एका आकड्याचा असतो, दुपारी दुसऱ्या. सोयाबीननं त्याला खरोखर किती दिलं, हा तिसरा आकडा. तो कुठल्याच रकान्यात मावत नाही.

गरिबीची उंचीही जातीनुसार वेगळी ठरलेली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मधली, म्हणजे शिष्यवृत्तीचं ऑनलाइन पोर्टलच काय, प्रजासत्ताकाहूनही जुनी. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेत मात्र आठ लाखांपर्यंत गरीब राहता येतं. अकोल्यात एखाद्या संस्थेत शिपाई असलेल्या अनुसूचित जातीच्या बापाचा पगार अडीच लाखांच्या वर सरकला, की पोराला फी तेवढी माफ होते. निर्वाह भत्ता जातो. वेतनवाढीचे पेढे वाटावेत की नाहीत, हे त्या घरानं ठरवायचं.

आता अर्ज. अकोल्यातलं एक सेतू केंद्र, ऑगस्टची दुपार, पंखा फक्त ऑपरेटरच्या दिशेनं. मुलीच्या आधारला मोबाइल नंबर बापाचा जोडलेला, आणि बाप तेल्हाऱ्याकडे कपाशीत फवारणीला.

"सांगा नं बाबा, आकडे काय आले?"

"आले वं माय, पन चष्मा बंगईवर रायला. थांब, गड्याले वाचाले सांगतो."

गड्यानं मोठ्या आवाजात सहा आकडे वाचून दाखवले. ते गॅस सिलिंडरच्या मेसेजमधले निघाले. तोवर खरा ओटीपी मेला. ऑपरेटर म्हणाला, "पुन्हा मारतो," आणि सर्व्हर बसला.

अर्ज गेलाच, तर तो आधी कॉलेजच्या बाबूच्या टेबलावर आणि मग खात्याकडे जातो. दोन्हीकडून तो 'सेंड बॅक' होऊ शकतो आणि होतोही. कारण : दाखला अस्पष्ट. दाखला स्पष्टच असतो. स्कॅनर सेतू केंद्राचा असतो. मंजुरी आलीच, तर पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येतील अशा भ्रमात कुणी राहू नये. ते येतात आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात. ते खातं पाचवीत असताना शाळेनं काढून दिलेलं, पासबुक उंदरानं खाल्लेलं. पोर्टल सांगतं, रक्कम जमा. ते खोटं बोलत नाही.

मुलींसाठी सरकारनं ८ जुलै २०२४ ला मोठाच निर्णय घेतला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, ओबीसी आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. प्रवेशावेळी ही फी मागू नका, असं कॉलेजांना बजावावं लागलं, तेही एकदा बजावून भागलं नाही. कॉलेजं आज्ञाधारक असतात. ती शिक्षण शुल्क मागत नाहीत; विकास निधी मागतात, अनामत मागतात, आणि उरलेलं 'इतर' नावाच्या रकान्यात मागतात. फी माफ झालेल्या मुलीची मेस आणि अमरावतीतली खोली कुणीच माफ केलेली नाही, हा तपशील जाहिरातीत बसत नाही.

गाडगेबाबा सांगत फिरले, की जेवायचं ताट मोडा पण लेकरांना शिकवा. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या हद्दीत कुणी खरोखर ताट मोडलंच, तर त्याची पावती कुठं अपलोड करायची, यावर अजून परिपत्रक निघालेलं नाही.

उरतं शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत तारण नको, असं नियम सांगतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत तर तारणही नको आणि जामीनदारही नको. फक्त कॉलेज क्रमवारीतल्या निवडक संस्थांपैकी हवं. म्हणजे गरिबांनी आधी नामांकित व्हायचं. बाकीच्यांसाठी बँकेची गावची शाखा आहे. तिथं बाप सहकर्जदार होतो आणि साहेब त्याचा सिबिल काढतात. त्यात पीककर्ज थकलेलं दिसतं. थकलेलं का, तर दोन निवडणुकांपासून माफीची वाट पाहण्यात. साहेब माणूस चांगला असतो. तो मुलीची बारावीची गुणपत्रिका दोनदा पाहतो, चहा मागवतो आणि बापाला समजावतो, "पोरगी हुशार आहे हो. कर्जाच्या भानगडीत कशाला पडता? सरकारच्या एवढ्या शिष्यवृत्त्या आहेत. एकदा ते पोर्टल पाहा ना."