तारापूरची सायबर सुरक्षा आणि मी

पालघरच्या मावशीने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय, "आमचा भाचा तारापूरला सायबर सुरक्षा बघतो." पुढचं ऐकणारा स्वतःच जोडतो: तारापूर म्हणजे 1969 साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र, आणि त्याचा राखणदार हा! प्रत्यक्षात मी बोईसरच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात बिलं बघतो. आम्ही बनवतो तो टाकीचं तापमान मोबाइलवर दाखवणारा डबा.

पण डबा युरोपात जातो, आणि तिथे आलाय डिजिटल वस्तूंच्या सुरक्षेचा कायदा, सायबर रेझिलियन्स ॲक्ट. बहुतेक अटी 11 डिसेंबर 2027 पासून लागू. मोठ्या चुकीला दंड दीड कोटींपर्यंत किंवा उलाढालीच्या अडीच टक्के, जास्त असेल तो. दीड कोटी ऐकूनच शेठनी पाणी मागवलं. मग मी "युरो" म्हणालो.

इंग्रजी मेल वाचता येतो, एवढ्या पात्रतेवर काम माझ्या गळ्यात पडलं. ग्राहकाने सॉफ्टवेअरची घटकसूची मागितली. यादी म्हणजे माझा हातखंडा! स्क्रू, वॉशर, केबल ग्लँड, टर्मिनल, सगळं एचएसएन कोडसकट उतरवून काढलं, आणि सॉफ्टवेअर म्हणून आमच्या हिशेबाच्या टॅलीची पावती जोडली. त्यांना हवं होतं ते वेगळंच: डब्याच्या पोटात कोणाकोणाचा तयार कोड आहे, कुठली आवृत्ती, म्हणजे उद्या एखाद्यात भोक सापडलं तर कुठले डबे दुरुस्त करायचे ते कळेल. उत्तर फार सभ्य आलं. तेव्हाच शंका आली.

मग पासवर्ड. आमच्या प्रत्येक डब्याचा एकच, 'ॲडमिन'. प्रोग्रॅमिंगच्या पोराने 2016 च्या मिराईची गोष्ट सांगितली: असल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्ड जोड्या टाकून बघत तो व्हायरस लाखो कॅमेरे-राउटरमध्ये शिरला, आणि ऑक्टोबरात त्यांच्याच गर्दीने ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडवले. मी घाबरून प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड दिला: त्याचाच अनुक्रमांक. पोरगं काहीच बोललं नाही. डबा फिरवून फक्त झाकणावरचा स्टिकर दाखवला.

माझा खरा पराक्रम चार पिनांचा. सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात, टेस्टिंगसाठी ठेवलेल्या. तिथे वायरी जोडल्या की लॅपटॉपवर डब्याचं अंतरंग उघडं. चोराला आयतंच दार, म्हणून पोरगं जेवायला गेल्यावर मी एम-सील मळलं, चपातीच्या पिठासारखं, आणि टेबलावरच्या सगळ्या बोर्डांच्या पिना लिंपून टाकल्या. चोर बाहेर राहिला खरा. पण त्याच पिनांतून प्रोग्रॅम भरायचा होता. कुलूप म्हणे कोडमध्ये लावायचं असतं, तेही माल निघताना. पोरगं संध्याकाळपर्यंत ब्लेडने खरवडत बसलं, आणि मी चहा आणत होतो.

आपल्याकडेही सुटका नाही. 2022 पासून सरकारच्या सायबर यंत्रणेचा, सर्ट-इनचा, आदेश आहे: ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. आमच्याकडे शेठना कोणी सांगायचं हे ठरेपर्यंतच शिफ्ट बदलते.

ग्राहकाच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता संपर्काचा: त्रुटी सापडली तर ग्राहकाने कोणाला गाठायचं? शेठनी माझं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. मी म्हटलं, "शेठ, कायद्याने साधारण पाच वर्षं तरी अपडेट द्यावे लागतात. माझी निवृत्ती त्याआधीच."

शेठनी कागदावर शिक्का मारला. "मग? पाच वर्षं कुठे जाताय?"