एवढा एक शब्द बदलूया

जोडीने गाणे लिहिताना सगळ्यात जास्त त्रास एका वाक्याचा होतो. ‘एवढा एक शब्द बदलूया.’ हे वाक्य रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येते, कधी स्टुडिओत गायिका माइकसमोर उभी असताना येते. म्हणणाऱ्याकडे दुसरा शब्द तयार नसतो. तो मी तिथल्या तिथे शोधायचा असतो.

नोकरी सांभाळून मी हौसेने गाणी लिहितो. लावणी, कोळीगीत, अभंग, रॅप, गणपतीची गाणी असे सगळे प्रकार वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर लिहून झाले. माणसे बदलली, ठेके बदलले, पण एक गोष्ट कुठेच बदलली नाही. चाल संगीतकाराची असते आणि शब्द सगळ्यांचे असतात. चालीतला कोमल गंधार शुद्ध करा, असे कोणी सांगत नाही, कारण त्यासाठी गंधार ओळखता यावा लागतो. मराठी मात्र प्रत्येकाला येते, त्यामुळे तबलजीपासून निर्मात्याच्या मेहुण्यापर्यंत सगळे ओळीत हात घालतात.

चालीवर शब्द लिहायला माझी हरकत नाही. चित्रपटगीते कित्येक दशके तशी लिहिली गेली आहेत. हरकत आहे ती डमी शब्दांना. संगीतकार चाल पाठवताना ‘ना ना ना’ म्हणून थांबत नाही, सुचेल ते काहीबाही गातो. आठवडाभर तेच ऐकून ते त्याच्या कानात घट्ट बसते आणि मग खरे शब्द त्याला परके वाटू लागतात. लांब सुराचेही तसेच. जिथे सूर धरून ठेवायचा आहे, तिथे ‘आ’ किंवा ‘ए’ने संपणारा शब्द लागतो, म्हणजे गाणाऱ्याला तोंड उघडता येते. मी तसा शब्द बसवतो. जोडीदार तो काढून तिथे ‘अस्तित्व’ घालतो, कारण ते खोल वाटते. ‘त्व’वर सूर लांबवता येत नाही, हे गायिकेने सांगितले की तोच दोष पुन्हा शब्दांवर येतो.

कोळीगीताच्या बाबतीत तर मला खरोखर वाईट वाटते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘गो’ लावला की कोळीगीत झाले, असे माझ्या जोडीदाराचे मत होते. त्याला भर आषाढात, कोसळत्या पावसात, नाखवा यांत्रिक होडी घेऊन जाळे टाकायला निघालेला हवा होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात तो याच पावसाळी, खवळलेल्या दर्याला शांत करण्यासाठी. वर्सोव्याच्या किंवा वरळीच्या कोळीवाड्यात हे गाणे लावले तर लहान मूलसुद्धा चूक काढील, असे मी सांगितले. ‘ऐकणारे कुठे एवढा विचार करतात?’ असे उत्तर मिळाले. शांता शेळक्यांनी ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी लिहिली आणि ‘वादळवारं सुटलं गो’ हे कोळीगीतही लिहिले. दोन्हींत भाषा वेगळी, माणसे वेगळी, जग वेगळे. प्रकार बदलला की माहितीही नव्याने मिळवावी लागते, हे एवढे ढळढळीत उदाहरण समोर असताना लोक एका ‘गो’वर भागवतात.

लावणीत प्रत्येक कडव्यात कंबर हवी असते. त्यावर अधिक लिहीत नाही.

अभंगाचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिन्हींत ६-६ अक्षरे, चौथ्यात ४, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. हा छोटा चौथा चरण म्हणजे अभंगाचा जीव, तिथे बोलणे एकदम थांबते. माझ्या संगीतकाराला तिथे जागा रिकामी वाटली आणि त्याने प्रत्येक चौथ्या चरणाला ‘विठ्ठला’ जोडला. ४ ची ७ अक्षरे झाली, थांबणे गेले. त्यानंतर नाममुद्रेचा प्रश्न निघाला. शेवटच्या कडव्यात आपले नाव यावे, अशी त्याची इच्छा होती. नाममुद्रा रचणाऱ्याची असते, चाल लावणाऱ्याची नसते. अखेर ते कडवेच गाळले गेले आणि अभंग मध्येच तुटल्यासारखा संपतो.

रॅप लिहिणारी मुले मेहनती असतात, हे मान्य. पण मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘करतो’ला ‘धरतो’ जोडला की यमक आपोआप जुळते. खरे काम ओळीच्या पोटातल्या यमकांचे आहे. ते माझ्याकडून करून घेतले गेले आणि गाणे आले तेव्हा ‘शब्द’ या रकान्यात फक्त त्या मुलाचे नाव होते.

नावाची ही तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ झाले, त्यातली ५६ गीते आजही माडगूळकरांची आणि फडक्यांची म्हणून ओळखली जातात. दोन्ही नावे बरोबरीने घेतली जातात. १९५७ चा कॉपीराइट कायदाही शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती मानतो. हक्क विकले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. कायदा एवढा स्पष्ट असताना हौशी गाण्यांत मात्र ‘आपण घरचेच आहोत’ म्हणून नाव खाल्ले जाते.

तेव्हा कोणाबरोबर गाणे लिहायला बसणार असाल, तर मुखडा सुचण्याआधी एका कागदावर लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, नावे कोणत्या क्रमाने, शेवटचा शब्द कोणाचा. खाली दोघांनी सह्या करा. आणि शब्द बदलायचाच असेल, तर बदलीचा शब्द सोबत घेऊन या.