ब्रदर, तुमची बारावी कुठाय?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पदवीधराला काय होता येत नाही, ते सांगा. मेकॅनिकलचा इंजिनियर कॅब चालवतो, बी.कॉम.वाला प्लॉटिंग करतो, बी.ए. झालेला लेबर काँट्रॅक्टर होतो आणि निवडणूक जवळ आली की तिघंही भावी नगरसेवक होतात. फ्लेक्सवर कुणी मार्कलिस्ट मागत नाही. अशा या उदार मुलखात मोशीतल्या आमच्या शेजारच्या इंजिनियरानं परवा घरात जाहीर केलं, "मला नर्स व्हायचंय."

वडिलांनी आधी टीव्ही बंद केला. आईनं विचारलं, "कंपनीतून काढलं का रे?" समोरच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्या साखर विसरल्या. "नर्स म्हणजे सिस्टर ना? मग तू कोण होणार?"

"ब्रदर."

"अगंबाई! आणि स्थळांना काय सांगायचं?"

पोराचं डोकं फिरलं म्हणावं, तर कारण साधंच होतं. चाकणच्या एका कारखान्यात तो प्रेस शॉपला ट्रेनी आहे. थर्ड शिफ्टला एका कंत्राटी पोराची बोटं पॉवर प्रेसखाली गेली. जमलेल्यांपैकी निम्मे मोबाइलवर शूटिंग करत होते. सुपरवायझर सेफ्टी ऑफिसरला फोन लावत होता. सेफ्टी ऑफिसर झोपला होता. कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 45 सांगत होतं, की दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी. पेटी होती. कुलूपही होतं. किल्ली जनरल शिफ्टच्या माणसाच्या खिशात, आणि तो माणूस नारायणगावला. आमच्या इंजिनियरानं कपाटातला कोरा ॲप्रन काढून जखमेवर दाबला, हात वर धरून ठेवला आणि तसाच त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत गेला. तिथल्या नाइट ड्यूटीच्या सिस्टरनी एवढंच विचारलं, "हात वर धरायचं कुणी शिकवलं?" चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये त्याला कुणी इतका कामाचा प्रश्न विचारला नव्हता.

मग त्यानं आपल्याच बुद्धीनं हिशोब केला. आपण ग्रॅज्युएट, म्हणजे आता पोस्टग्रॅज्युएशन करायचं; दोन वर्षांत महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवून मोकळं. बिचारा सुटी टाकून एका नर्सिंग कॉलेजच्या खिडकीशी गेला.

"एम.एस्सी. नर्सिंगला आधी बी.एस्सी. नर्सिंग लागतं. वर एक वर्षाचा अनुभव," खिडकीतून उत्तर आलं.

"पोस्ट बेसिक असं काहीतरी दोन वर्षांचं असतं ना?"

"ते जी.एन.एम.चा डिप्लोमा झालेल्यांना."

"मग सरळ बी.एस्सी. नर्सिंग?"

"बारावीला बायॉलॉजी होतं?"

नव्हतं. या पट्ट्यात मुलगा दहावीला बऱ्यापैकी मार्कांनी पास झाला की आधी पेढे वाटतात, मग बायॉलॉजी सोडवतात.

"माझ्याकडे बी.ई.ची डिग्री आहे."

"ती राहू द्या. जी.एन.एम.ला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी घेऊन 40 टक्के, तीन वर्षं. वय पस्तिशीच्या आत आहे ना?"

"गेटचा स्कोअरही आहे."

"बारावी, ब्रदर! तुमची बारावी कुठाय?"

बारावीचं मार्कलिस्ट आईनं लग्नाच्या साड्यांखाली ठेवलेलं निघालं. डिग्री मात्र भिंतीवर फ्रेममध्ये होती, ती तिथंच राहिली.

आता कुणी म्हणेल, नर्सिंग म्हणजे काय पोरखेळ आहे? नाहीच. सलाइनची सुई शिरेत नेमकी बसायला हात तयार व्हावा लागतो. वॉर्डातला एक तासही कुणाला माफ करू नये, या मताचा मी आहे. पण बी.एस्सी. नर्सिंगचा 2021 चा अभ्यासक्रम उघडून बघा. पहिल्याच वर्षात इंग्रजी संभाषण आहे, समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, पुढं संगणक आणि माहिती तंत्रज्ञान आहे. म्हणजे हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलेली बाई उद्या नर्स व्हायला आली, तर तिनं अठरा वर्षांच्या पोरींशेजारी बसून डेटा म्हणजे काय ते शिकायचं. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्यानं मन कुठं असतं ते पुन्हा पाठ करायचं.

इंजिनियरिंगला डिप्लोमावाला थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. कुठलाही पदवीधर तीन वर्षांत वकील होतो, दोन वर्षांत बी.एड. करून मास्तर होतो. ब्रिटनमध्येही पदवीधराला दोन वर्षांच्या एम.एस्सी.नं नर्स होता येतं. प्रत्यक्ष सरावाचे 2300 तास तिथंही चुकत नाहीत, पण आधीच्या शिक्षणाची वजावट मिळते. मेलबर्न विद्यापीठातही दोनच वर्षं. अमेरिकेतल्या येलनं तर 1974 सालीच दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांना हे दार उघडलं. आपल्याकडे 1947 चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा बदलून संसदेनं 2023 मध्ये नवा कायदा केला, पण आमच्या इंजिनियराची बारावी काही सुटली नाही.

गंमत पुढंच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, म्हणजे मर्सिडीजचं माहेर. त्यांनी चाकणला कारखाना टाकला, आपण त्यांना नर्स देणार! व्यवहार चोख आहे. फक्त इथल्या रात्रपाळीला कोण उभं राहणार, हे कलम करारात कुठं असेल ते मला सापडलं नाही. पिंपरीतल्या वायसीएम रुग्णालयाच्या 750 खाटांवरचे पेशंट जर्मन बोलत नाहीत, हा त्यांचाच दोष म्हणायचा.

करार ऐकून काकूंचा सूर बदलला. "जर्मनीला जाणार असेल तर होऊ दे की ब्रदर!" चाकणमध्ये जो कमीपणा होता, तो विमानतळावर उतरला.

आईनं मात्र मुद्द्याचं विचारलं, "आणि इथं राहिलास तर पगार किती?" 2016 मध्ये केंद्राच्या समितीनं सांगितलं होतं, की 50 खाटांहून लहान खासगी दवाखान्यातही नर्सला महिना 20,000 च्या खाली देऊ नये. आईनं भाचीला फोन लावला. भाची जी.एन.एम. झालेली, अशाच एका दवाखान्यात कामाला. ती इतका वेळ हसली, की आईनं उत्तर न घेताच फोन ठेवला.

शेवटी वडिलांनी सूत्रं हाती घेतली. ते पोराला घेऊन दुसऱ्या एका कॉलेजात गेले. तिथं खिडकी नव्हती, एसी केबिन होती. समुपदेशक मॅडमनी आधी पाणी दिलं, मग कॉफी.

"बायॉलॉजी नाहीये," पोरगा खाली मान घालून म्हणाला.

"कशाला हवंय?"

"पेशंटला कधी हात लावलेला नाही."

"पुढंही लावावा लागणार नाही. एम.बी.ए., हॉस्पिटल मॅनेजमेंट. दोन वर्षं. कुठलीही पदवी चालते. बाहेर पडलात की वॉर्डाला किती सिस्टर ठेवायच्या, कुणाची नाइट कुठं लावायची, सगळं तुम्हीच ठरवायचं!"

बारावीचं मार्कलिस्ट कुणी मागितलं नाही. फी ऐकून वडील थोडे वाकले, पण सोसायटीत पेढे वाटले. काकूंनी स्थळ आणलं. पहिल्या सेमिस्टरला पोराला प्रोजेक्ट मिळाला: 'रुग्णालयातील परिचारिकांचा तुटवडा: कारणे व उपाय.' शब्दमर्यादा 2000, सादरीकरण पॉवरपॉइंटवर.