प्रिंटर-फिल्टर स्थापनेचा सशास्त्र विधी

जे 'प्रिंट'चं बटण दाबून चहाला जातात, त्यांनी हे वाचू नये. फ्रीबीएसडीसारखी युनिक्सच्या कुळातली प्रणाली चालवणारे, त्यातही क्युप्ससारख्या आयत्या सोयीला नाक मुरडून जुन्या एलपीडीवर निष्ठा ठेवणारे, एवढेच अधिकारी जीव इथे अपेक्षित आहेत.

प्रथम फिल्टर न लावताच साध्या मजकुराचं एक पान छापावं. पहिली ओळ नीट येते. दुसरी, पहिली जिथे संपली तिथून सुरू होते. तिसरी आणखी उजवीकडे, आणि चौथी कागद सोडून जाते. घाबरू नये. युनिक्स ओळीच्या शेवटी 'खाली उतर' एवढंच सांगतं. 'डावीकडे परत ये' हे सांगत नाही, आणि प्रिंटर पडला हुकुमाचा ताबेदार. ही राहिलेली आज्ञा पुरवणारी छोटी शेल स्क्रिप्ट म्हणजे फिल्टर.

प्रिंटकॅप फाइलीत 'आयएफ'पुढे तिचा पूर्ण पत्ता द्यावा. नोंद पुढच्या ओळीवर न्यायची तर शेवटी उलटी तिरकी रेघ हवी, आणि रेघेनंतर काहीही नको. स्पेससुद्धा नको. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळे खालची नोंद वाऱ्यावर जाते आणि आपली दुपारही.

आता स्क्रिप्टने आलेल्या मजकुराची पहिली ओळ वाचावी. सुरुवातीला टक्क्याचं आणि उद्गाराचं चिन्ह असेल तर ते पोस्टस्क्रिप्ट. प्रिंटरला ती भाषा येत नसल्यास घोस्टस्क्रिप्टच्या हवाली करावं. वाचलेली ओळ मात्र आठवणीने पुन्हा पुढे धाडावी, कारण वाचली की ती प्रवाहातून गेलीच.

स्क्रिप्ट चालते का हे पाहायला मध्येच 'इथवर पोहोचलो' असं वदवण्याचा मोह होतो. तो आवरावा. फिल्टर जे बोलतो ते थेट कागदावर उमटतं. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला मग अगोदर ती दोन चिन्हं न दिसता आपली आरोळी दिसते, तो सगळा ऐवज साधा मजकूर समजतो आणि सुबक आलेखाऐवजी त्यामागची आज्ञावली पानंच्या पानं छापत सुटतो. मन मोकळं करायचंच तर एररच्या वाटेने करावं. ते लॉग फाइलीत जातं.

जाताना फिल्टरने आकडा सांगून जावं. शून्य म्हणजे काम झालं. एक म्हणजे जमलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. दोन म्हणजे फेकून द्या. कायमच्या दुखण्यावर एक सांगणारा फिल्टर रात्रभर तेच काम करत बसतो. कागदाचा खर्च कार्यालयाचा असेल तरच हे परवडतं.

देवनागरी थेट पाठवू नये. यूटीएफ-८मध्ये 'क' तीन बाइटांचा. पीसी-८ अक्षरसंच लावलेला प्रिंटर त्याचा ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला एन आणि मात्रा दिलेला ओ करतो. आधी पॅप्सकडून पोस्टस्क्रिप्ट करून घ्यावं, जोडाक्षरं तोच सांभाळतो.

साध्या मजकुराच्या शेवटी फॉर्म फीड पाठवावा. नाहीतर लेझर प्रिंटर अर्धं पान पोटातच धरून ठेवतो, पुढच्या माणसाची रजेची विनंती तुमच्या बिलाखाली छापून येते, आणि साहेब दोन्हीवर मिळून एकच सही करतात.