असू द्यावं

गाडी साडेसहाची असली की चार वाजताच स्टेशनात जाऊन बाकडं धरणारी माणसं तुमच्याही नात्यात असणारच. लग्नाला निघताना ह्यांच्या खिशात सुई-दोरा, सेफ्टी पिना, जास्तीच्या अक्षता आणि भटजी आलेच नाहीत तर दुसऱ्या भटजींचा नंबर. आमच्या दौंडातले गार्डसाहेब याच जातकुळीतले. ‘कशाला हो एवढं?’ म्हणावं, तर उत्तर ठरलेलं : ‘असू द्यावं. ऐनवेळी कुठं शोधणार?’

अर्धं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलं. मालगाडी कुठल्या सिग्नलला किती तास उभी राहील याचा काही नेम नाही. तेव्हा लाल-हिरव्या झेंड्या, बत्ती आणि रुळावर ठेवायचे फटाके असलेली पेटी घेऊनच गार्ड चढायचा. निवृत्त होताना पेटी रेल्वेकडे जमा केली आणि दुसऱ्या आठवड्यात पत्रेवाल्याकडून तशीच एक घरासाठी करवून घेतली. पुढं २०२२ साली रेल्वेनं गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. ‘मॅनेजर खुर्चीत बसतो, गार्ड मागं बघतो,’ एवढंच बोलले आणि दारावरची जुनी पाटी ब्रासोनं घासून काढली.

तर या गृहस्थांच्या घरी शिरूरहून मांजर आलं. शिरूर ही सासुरवाडी, तरी तिच्याविषयी गार्डसाहेबांचं मत फार बरं नाही. ज्या गावाला रेल्वे नाही, तिथं कुठलीच गोष्ट वेळेवर होत नाही, असा त्यांचा सिद्धांत. मेहुणीला हे मांजर बाजारात कांद्याच्या गोण्यांमागं सापडलं; कुत्र्यांनी कोंडलेलं, कान फाटलेला. तिच्या घरी आधीच एक कुत्रा, म्हणून मांजर भावोजींकडे. न्हावऱ्यापासून उसाच्या ट्रेलरमागं रखडत, चौफुल्यावरून वळून टोपली दौंडला पोचली आणि वहिनींनी झाकण उचलताच निदान केलं, ‘अहो, हिला दिवस गेलेत!’ आळीनं लगेच तिचं नाव पार्सल ठेवलं.

गार्डसाहेबांची झोप उडाली. मांजराचे दिवस साधारण ६३ ते ६५. पण गाडी सुटली कधी हेच माहीत नाही, तर पोचायची वेळ काढणार कशी? बोका काही मेमो देऊन गेला नव्हता. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन म्हशींच्या मधल्या वेळात पार्सलचं पोट चाचपलं, आचळं गुलाबी झालीत म्हणजे तीनेक आठवडे तरी झाले असं सांगितलं आणि सल्ला दिला, ‘अडोशाची जागा बघा, एक खोकं ठेवा, त्यात जुनी कापडं घाला आणि तुम्ही लांब राहा.’

पहिल्या तीन सूचना तिप्पट पाळल्या गेल्या. खोकी तीन आली. पुढची बाजू एवढीच कापली की आई ओलांडून जाईल पण पिल्लू बाहेर पडणार नाही. त्यासाठी पट्टी लावून मोजमाप झालं. नव्या पेटीत उकळलेली कात्री, उकळलेला दोरा, गरम पाण्याची पिशवी, ती फुटली तर दुसरी, पिल्लांसाठी पुण्याहून मागवलेली दुधाची पावडर आणि सोनाराकडून उसना आणलेला काटा. पिल्लू जन्मतः शंभरेक ग्रॅमचं असतं, स्वयंपाकघरातला काटा ‘तेवढ्यासाठी भरवशाचा नाही’. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला रात्री फोन बंद ठेवायचा नाही अशी ताकीद. खोलीच्या दाराला लाल फडकं.

बाळंत व्हायच्या आदल्या दिवशी मांजराच्या अंगातली उष्णता शंभर फॅरनहाइटच्या खाली उतरते, असं डॉक्टर बोलून गेले होते. थर्मामीटर दोन होते. (असू द्यावं.) तो मांजराला कुठं लावतात हे कळल्यावर मात्र गार्डसाहेब थोडा वेळ गप्प बसले. प्रयत्न एकदाच झाला. पार्सल कपाटावर, थर्मामीटर पलंगाखाली आणि गार्डसाहेबांच्या मनगटावर चार समांतर रूळ, नॅरोगेज.

मग सात घरांचं प्रकरण निघालं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. गार्डसाहेबांनी ती सात घरं आधीच नक्की करून टाकली. माझं तिसरं, मला न विचारता. एका सकाळी येऊन आमच्या पलंगाखाली बॅटरी मारली आणि म्हणाले, ‘मास्तर, महिनाभर इथं झुरळांचं औषध मारू नका.’ पलीकडच्यांकडे पोपट निघाला, म्हणून त्यांचं नाव खोडून वेटिंगवरचं वर घेतलं.

मी चिडून म्हटलं, ‘अहो, तुमच्या सासुरवाडीकडं बिबट्याची मादी उसात वितेय. तिच्यासाठी कोण खोकी कापतं?’ गार्डसाहेब शांतपणे म्हणाले, ‘आणि तोडणीत बछडी सापडली की? वनखात्याची माणसं त्याच जागी क्रेटमध्येच ठेवतात ना रात्री, आईनं येऊन न्यावीत म्हणून? क्रेट लागतंच शेवटी. असू द्यावं.’

आता खरं सांगायचं तर सगळ्या आळीला पार्सलनं गव्हाच्या कोठीत नाहीतर वहिनींच्या पैठणीवर बाळंत व्हावं असं मनापासून वाटत होतं. तसं काही झालं नाही. मध्यरात्रीनंतर ती मुकाट उठली, पहिल्या नंबरच्या खोक्यात गेली आणि उजाडेपर्यंत चार पिल्लं. नाळ तिनंच तोडली, चाटून कोरडी तिनंच केली. पेटीचं झाकणसुद्धा उघडावं लागलं नाही. गार्डसाहेब रात्रभर दाराबाहेर स्टुलावर, बत्ती पदराआड धरावी तशी टॉवेलात गुंडाळून. दोन पिल्लं काळी, एक पिवळं, एक तिरंगी. एकाच वेतात बाप वेगवेगळे असू शकतात असं डॉक्टर म्हणाले. गार्डसाहेबांच्या वहीत बापाच्या रकान्यात ‘तपास चालू’ असा शेरा आहे.

सकाळी मी बघायला गेलो. पिल्लं खोक्यात पडली होती ती दुपट्यांवर. मऊ सुती, जुन्या साड्यांची, दुहेरी शिवलेली, कडेला बारीक धावदोरा. ‘जुनी कापडं’ म्हणून कुणी एवढी टीप घालत बसत नाही. मी विचारलं नाही, पण वहिनींनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात सुनेचं बाळंतपण झालं, तेव्हाचा हा बाळंतविडा. दुपटी, टोपडी, झबली, ओवा, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू, शेगडीसुद्धा. दवाखान्याचं पॅकेज होतं. बाहेरचं काही आणायचं नव्हतं. पाचव्या दिवशी नातू बघून दोघं परतले, बोचकं न सोडता. कुणाचं चुकलं असंही नाही. कॉर्ड लाइन झाल्यापासून पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या दौंडच्या मोठ्या स्टेशनात शिरतच नाहीत, बाहेरच्या बाहेर वळतात. पूर्वी इथं इंजिन काढून उलट्या बाजूला लावायचे, तोवर चहा व्हायचा, ओळखीचं कुणीतरी भेटायचं. मुलगा घाईत असतो, एवढंच.

गार्डसाहेब तेव्हा पलीकडे सोनाराच्या काट्यावर एकेक पिल्लू ठेवून आकडे घेत होते आणि पार्सल, जी मला बघून फिस्कारली, त्यांच्या हाताकडे डोळे अर्धे मिटून बघत होती. माणूस वाईट नाही, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय.

पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजराला पुन्हा दिवस जाऊ शकतात, हे कळल्यापासून खिडक्यांना जाळी बसली आहे आणि ऑपरेशनसाठी डॉक्टरांची तारीख घेऊन झाली आहे. एक फुटक्या नाकाचा बोका रोज भिंतीवर येऊन बसतो. त्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा वहीत आहेत. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर कुणाला द्यायची याचीही यादी तयार. माझ्या नावापुढं ‘तिरंगी, एक’ लिहिलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. वाळूचं पोतं आणि घमेलं मात्र काल आमच्या गॅलरीत येऊन पडलं. पावती माझ्या नावावर.